भिंगवय

बार्शीच्या ताकभाते नेत्रालयात दर बुधवारी सकाळी दहा ते अकरा कुणाचाही डोळा तपासला जात नसे. त्या तासात डॉ. केतकी ताकभाते बाहेरच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायची आणि जमलेल्या रुग्णांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ही पद्धत तिच्या वडिलांनी सुरू केली होती. एकच शंका दिवसभरात चाळीस जणांना चाळीस वेळा समजावण्यापेक्षा ती एकदाच सगळ्यांसमोर समजावलेली बरी, असा त्यांचा हिशेब.

"गाजर खाल्ल्यावर चष्मा जातो का?"

"नाही. गाजरही खा आणि चष्माही लावा."

"मोतीबिंदू पिकायची वाट बघायची का?"

"ते माझ्या आजोबांच्या काळातलं. दिसायला अडचण होऊ लागली की काढायचा."

"डोळ्यापुढं चिलटं उडतात."

"जुनी असतील तर उडू द्या. एकदम वाढली, किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नको."

केतकीची उत्तरं अशी तुटक असत. तिचा एक नियम होता. डोळ्याबद्दल जे विचारलं असेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, आणि जे विचारलं नसेल त्यात शिरायचं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला या नियमाची अडचण कधी आली नव्हती.

जानेवारीतल्या एका बुधवारी पुढच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. पांढऱ्या साडीला निळे काठ, हातात कागदांची पिशवी. सुमित्राबाई क्षीरसागर, वैरागच्या निवृत्त अंगणवाडी सेविका. शेजारी तिची बहीण बसली होती, कौसल्या. तिला सगळे कौसाबाई म्हणत. ती ब्लाउज शिवायची आणि बहिणीच्या भिंतीला भिंत लावून राहायची. दोघींचे नवरे गेले होते. मधल्या भिंतीला त्यांनी दार पाडून घेतलं होतं.

"मॅडम, आम्ही जुळ्या," सुमित्राबाई म्हणाल्या. "एका दिवसाच्या. खाणं एक, पाणी एक. मग माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू आधी कसा? हिला तर अजून सुईत दोरा ओवता येतो."

"एकाच माणसाचा उजवा आणि डावा डोळासुद्धा बरोबरीनं पिकत नाही," केतकी म्हणाली. "जुळ्यांचं तर सोडाच."

हॉलमध्ये थोडा हशा पिकला. सुमित्राबाईंना उत्तर पटलं. कौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वेळी केतकीचं तिकडे लक्ष गेलं नाही, पण पुढे तिला ते आठवलं.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

आपल्या डोळ्यातलं भिंग ही शरीरातली एक विलक्षण वस्तू आहे. कातडी झडते आणि नवी येते. रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू बदलत राहतात. भिंग मात्र काहीच टाकून देत नाही. आईच्या पोटात तयार झालेला गाभा मरेपर्यंत तसाच राहतो आणि त्याच्यावर जन्मभर एकेक पातळ थर चढत जातो. या थरांमधल्या प्रथिनांत वर्षानुवर्षं एका ठरावीक गतीने बदल होत असतात. भिंगवाचक नावाचं हे नवं मशीन डोळ्यात निरनिराळ्या रंगांचा क्षीण प्रकाश सोडून प्रत्येक थर किती जुना आणि किती कठीण आहे हे मोजायचं. डॉक्टरला खरी गरज कठीणपणाची. तो आकडा मिळाला की लेसर त्या थराला हवा तेवढाच जोर लावतो आणि मोतीबिंदू आठ मिनिटांत निघतो. वय हे त्यातून आपोआप मिळणारं उपउत्पादन होतं. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगाला जो धक्का बसतो त्याची एक बारीक रेघ भिंगात राहते. तिथून मोजलं की माणसाचं खरं वय कळतं. चूक झालीच तर तीन आठवड्यांची.

या वयाला लोक भिंगवय म्हणू लागले. मशीन आल्यावर पहिल्या वर्षी गावोगाव गंमत झाली. गुरुजींनी शाळेत घालताना ज्यांची जन्मतारीख एक जून लिहिली होती अशा हजारो माणसांना साठी-सत्तरीत आपला खरा महिना कळला. कुणी दोन वर्षं आधीच निवृत्त झाल्याचं निघालं. एका घरात धाकटा भाऊ थोरला निघाला आणि त्यांनी जेवायला बसायच्या जागा बदलल्या. कायद्याने हा अहवाल त्याच क्षणी रुग्णाच्या फोनवर आणि आरोग्यकार्डावर जायचा. डॉक्टरला तो अडवता येत नसे.

थरांमध्ये आणखीही काही दिसायचं. लहानपणी मोठा ताप आला असेल किंवा उपासमार झाली असेल, तर त्या वेळचा थर पातळ आणि मळकट निघायचा. या भागातल्या सत्तरीच्या आसपासच्या बहुतेक माणसांच्या भिंगात एकाच जागी एक रेघ असायची. मशीन चालवणारा दस्तगीर तिला 'बहात्तरची रेघ' म्हणायचा. बहात्तर साली दुष्काळ पडला तेव्हा त्याचा बापही जन्माला आला नव्हता, पण रोज चार-पाच वेळा तो ती रेघ पाहायचा.

सुमित्राबाईंचं भिंगवय सहासष्ट वर्षं नऊ महिने आलं. म्हणजे जन्म एप्रिल एकाहत्तरचा. रेघही होती, आणि इतकी जाड रेघ केतकीने फार थोड्या डोळ्यांत पाहिली होती.

"लहानपणी फार उपास काढलेत तुम्ही," ती म्हणाली.

"आमची आई खडी फोडायला जायची. आम्ही दोघी तिथंच झोळीत," सुमित्राबाई सहज म्हणाल्या. त्यांना एप्रिलचाच आनंद जास्त झाला होता. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया छान झाल्या. एप्रिलमध्ये त्यांनी अंगणवाडीतल्या पोरांना बोलावून दोघींच्या नावाचा केक कापला आणि त्याचा फोटो केतकीला पाठवला. फोटोत कौसाबाई कडेला उभ्या होत्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कौसाबाई एकट्याच आल्या. आता त्यांचाही उजवा डोळा धुरकट झाला होता. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागायची.

केतकीने तपासलं. "काढायला हवा. बाहेर दस्तगीर वाचन करून घेईल, मग तारीख देते."

कौसाबाई जागच्या हलल्या नाहीत. "ते वाचन न करता काढा, बाई."

"वाचन दुखत नाही. फोटो काढल्यासारखं असतं."

"दुखायचं न्हाई ओ. तुमचे वडील हातानं काढायचे की. आमच्या सासूचा त्यांनीच काढला. तसा काढा."

"हाताने मी नऊ वर्षांत केलेलं नाही. जोखीम वाढते. आणि कारण काय?"

कौसाबाईंनी दाराकडे पाहिलं. केतकीने उठून दार लावून घेतलं.

"माझा जन्म दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी झाला," कौसाबाई म्हणाल्या. "मावशी सांगायची. आणि तुमच्या मशीननं सुमीचा एप्रिल काढला."

केतकीने मनात मोजलं. नोव्हेंबर ते एप्रिल. पाच महिने. एका आईला पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुली होत नाहीत.

"ती आमची न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. मग लगेच त्यांनी ते दुरुस्त केलं. "आमचीच हाय. पर आईच्या पोटची न्हाई. पाझर तलावाच्या कामावर आईच्या शेजारी एक बाई खडी फोडायची. हगवण लागून दोन दिसांत गेली. मागं हे पोर. बाप आधीच कुठं निघून गेलेला. आई घेऊन आली. पुढं दुष्काळ सरल्यावर आम्ही ते गाव सोडून वैरागला आलो. कुणाची, कुठल्या जातीची, असं कुणी विचारू नये म्हणून आईनं जुळ्या म्हणून सांगितलं. शाळेत दोघींची एकच तारीख."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आई जाताना. सुमी पाणी आणायला गेली होती तेवढ्यात. चाळीस वरसं झाली. आईनं शपथ घातली की हे तिला कळता कामा नये."

"मी अहवाल दाबून ठेवू शकत नाही," केतकी म्हणाली. "तो थेट फोनवर येतो."

"म्हणून तर म्हणते. आणि माझा फोन तिच्याच हातात असतो, मला आता बारीक अक्षर कुठं वाचता येतंय. तिनं तर पैज लावली आहे की आमच्यात आधी कोण जन्मलं ते मशीन सांगणार."

"मशीन मिनिटं सांगत नाही."

"महिने सांगतंय की."

केतकीने सांगितलं की हाताने केल्यास टाके पडू शकतात, भिंगामागचा पडदा फाटू शकतो, चष्म्याशिवाय दिसेलच असं नाही. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नसंल जमत तर राहू द्या. एक डोळा हाय अजून."

केतकीला हे ठाऊक होतं की मोतीबिंदू तसाच ठेवला तर तो फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि मग दृष्टी कायमची जाते. समोरची बाई शिवणकामावर जगत होती. वैद्यकीयदृष्ट्या उत्तर सरळ होतं. केतकीने हाताने करायचं कबूल केलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

त्या तीन आठवड्यांत दस्तगीर रोज सकाळी खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचा आणि दुपारच्या सुट्टीत केतकी त्यांच्यावर हात बसवायची. पहिले काही डोळे फुकट गेले. नंतर बोटांना जुनं आठवू लागलं. "कशासाठी एवढं?" असं दस्तगीरने एकदा विचारलं. "एका पेशंटची इच्छा आहे," ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

शस्त्रक्रियेला चाळीस मिनिटं लागली. गाभा व्यवस्थित निघाला. अगदी शेवटचा तुकडा ओढताना मागचा पडदा फाटला. केतकीने हात थांबवला. तिने पुढे आलेला द्रव साफ केला, कृत्रिम भिंग डोळ्यातल्या नेहमीच्या पिशवीत न बसवता त्या पिशवीच्या पुढे टेकवलं आणि एक टाका घातला. डोळा वाचला. पण तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी कौसाबाईंना त्या डोळ्याने कधी वाचता येणार नव्हत्या, आणि लांबचं पाहायलाही जाड चष्मा लागणार होता. हे तिने दुसऱ्या दिवशी कौसाबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

"चालतंय," कौसाबाई म्हणाल्या.

महिन्याभराने तपासणीला दोघी आल्या. कौसाबाई आत दस्तगीरकडे चष्म्याचा नंबर काढून घेत होत्या. सुमित्राबाई केतकीच्या टेबलासमोर बसल्या. त्यांनी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'भिंगवाचन: केले नाही. कारण: रुग्णाची इच्छा.'

"मॅडम, मी तीस वर्षं रजिस्टरं भरली. रकाना वाचल्याशिवाय पुढं जात नाही," त्या म्हणाल्या. "माझं तुम्ही मशीननं केलं, हिचं हातानं. मला चष्मा नाही, हिला भिंगासारख्या काचा. आक्काची अशी काय इच्छा होती?"

आक्का हा शब्द त्या लहानपणापासून वापरत. कौसाबाई अर्ध्या घटकेने थोरल्या, असं घरात ठरलेलं होतं.

डोळ्याबद्दल विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. प्रश्न डोळ्याबद्दलचाच होता. मशीन बिघडलं होतं असं सांगणं सोपं होतं. सुमित्राबाईंनी ते कदाचित मानलंही असतं.

"कारण मला माहीत आहे," केतकी म्हणाली. "पण ते सांगायचा अधिकार माझा नाही. त्यांना विचारा."

सुमित्राबाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं. त्यांनी ते फार सावकाश ठेवलं. केतकीला कळत होतं की आपण गुपित फोडलेलं नसलं तरी त्याच्या दारावर बोट ठेवलं आहे. त्या संध्याकाळी घरी जाताना तिने पहिल्यांदाच स्वतःला विचारलं की वडिलांनी काय केलं असतं.

मे महिन्यात दोघी पुन्हा आल्या. कौसाबाईंचा डावा डोळाही आता काढायला झाला होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "या डोळ्याला मशीन लावा. तिला सांगितलंय सगळं."

केतकीने सुमित्राबाईंकडे पाहिलं.

"एकवीस दिवस बोलले नाही मी हिच्याशी," सुमित्राबाई म्हणाल्या. "मधलं दारसुद्धा लावून घेतलं. हिला वाटलं, मी परकी निघाले म्हणून रुसले. अहो, मी अडुसष्ट वर्षांची बाई. आता कुठली परकी आणि कुठली घरची. माझा राग दुसराच होता. माझ्यासाठी हिनं डोळा पणाला लावला आणि मला विचारलंसुद्धा नाही. शिवणाऱ्या बाईनं."

"आईची शपथ होती," कौसाबाई पुटपुटल्या.

"असू दे."

सुमित्राबाई त्या तलावापर्यंत जाऊन आल्या होत्या. तिथे आता द्राक्षाच्या बागा होत्या. कचेरीत कामावरच्या मजुरांचे हजेरीपट विचारले, तर ते वाळवीने खाल्ल्याचं कळलं. त्या बाईचं नावही कुणाला सांगता आलं नाही.

"म्हणून तुम्हाला विचारते," त्या केतकीला म्हणाल्या. "माझ्याकडं दुसरा कागदच नाही. माझ्या डोळ्यात जे काही लिहिलंय ते सगळं वाचून दाखवा. काही वगळू नका."

सुमित्राबाईंची स्वतःची भिंगं काढून वर्ष होऊन गेलं होतं, पण त्यांचं वाचन साठवलेलं होतं. केतकीने ते पडद्यावर मोठं केलं. झाडाच्या खोडाच्या कापासारखी एकात एक वर्तुळं दिसू लागली.

"हा जन्म. इथून पुढे दीड वर्ष थर चांगले आहेत. म्हणजे तोवर तुम्हाला पोटभर मिळत होतं. तुमच्या आईने... त्या आईने, दूध पाजलं असणार. बहात्तरच्या ऑक्टोबरच्या सुमाराला थर पातळ व्हायला लागतो. महिन्यागणिक पातळ होत जातो. आणि इथे, त्र्याहत्तरच्या जूनमध्ये, संपतो. एकदम संपतो. पुढचा थर जाड आहे."

"जूनमध्ये आणलं मला," सुमित्राबाई म्हणाल्या.

"तारखेत तीन आठवड्यांची चूक धरा."

"पुढं?"

"पुढे काही नाही. निरोगी भिंग."

मग दस्तगीरने कौसाबाईंच्या डाव्या डोळ्याचं वाचन केलं. कौसाबाई न हलता बसल्या. चित्र पहिल्या चित्राच्या शेजारी उमटलं. भिंगवय अडुसष्ट वर्षं सहा महिने. दिवाळी झाल्यावर आठ दिवस. मावशीची आठवण बरोबर होती.

केतकी दुसऱ्या चित्राकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिली. या डोळ्यात दुष्काळाच्या ऐन महिन्यांत जवळजवळ काहीच नव्हतं, नुसती सावली. आई खडी फोडत होती, कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे वाटपाचं कोरडं पीठ, घरी आणत होती, आणि अंगावरचं दूध अजून होतं. तेवढ्यात एका पोराचं भागत होतं. बहात्तरची रेघ या भिंगात होती, पण ती बहात्तरची नव्हती.

तिने दोन्ही चित्रं एकाच मापावर आणली, मग पुन्हा एकदा तारखा तपासल्या. याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. पण काही वगळू नका, असं सांगून झालं होतं.

"कौसाबाईंच्या भिंगातही रेघ आहे," ती म्हणाली. "ती त्र्याहत्तरच्या जूनला सुरू होते. नऊ महिने चालते."

"पर तवा तर पाऊस झाला होता," कौसाबाई म्हणाल्या. "दुष्काळ सरला होता म्हणायची आई."

"हो. इतरांची रेघ त्या वर्षीच्या पावसाळ्यात पुसट होत जाते. तुमची तिथे सुरू होते. तुमच्या बहिणीची जिथे संपते, तिथे."

कौसाबाईंनी एका चित्रावरून दुसऱ्याकडे पाहिलं. जाड चष्म्यातूनही त्यांना त्यातलं फारसं काही कळत नसावं. "म्हंजी?"

केतकी उत्तर द्यायला गेली, पण सुमित्राबाई आधी बोलल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"अंगणवाडीत आम्ही दर महिन्याला पोरांची वजनं घ्यायचो," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचा तक्ता असायचा. एखादं चांगलं बाळसं धरलेलं दोन-अडीच वर्षांचं पोर एकाएकी वाळायला लागायचं. ताप नाही, जुलाब नाही. तेव्हा मी त्याच्या आईला एकच विचारायची. घरात नवीन कोण आलं? नेहमी कुणीतरी आलेलं असायचं."

दस्तगीर तारा गुंडाळता गुंडाळता थांबला.

"नऊ महिने, आक्का," सुमित्राबाई म्हणाल्या. "तुझं दूध. तुझी सुकडी."

कौसाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. पडद्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं.

"मग काय," त्या म्हणाल्या. "तू आली होतीस."

केतकीने दस्तगीरला खूण केली आणि डाव्या डोळ्यात थेंब घालायला घेतले.